शेवटचा माणूस येईपर्यंत : लिस्बनमध्ये गाईड शोधताना

बाबांना युरोपात दुसरं काहीच बघायचं नव्हतं. धाकट्या भावाकडे नेदरलँड्सला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली, मधले पाच दिवस लिस्बनला काढायचे. "आयफेल टॉवर नाही दाखवलास तरी चालेल," म्हणाले, "पण ज्यांनी आपला किल्ला बांधला त्यांचं गाव मला पायी फिरून बघायचंय."

आम्ही वसईचे. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. दर जानेवारीत सातवीच्या मुलांना घेऊन ते किल्ला दाखवायला निघत, भुई दरवाजातून आत आणि बंदर दरवाजातून बाहेर. मीही त्या रांगेत चालले आहे. त्यांची पद्धत ठरलेली होती. बोलायचं ते थांबून, चालता चालता कधीच नाही. मास्तराने उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे मुलांच्या डोळ्यांत ऊन जात नाही. आणि शेवटचं पोर येऊन टेकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आज ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, उजवा गुडघा कुरकुरतो आणि डाव्या कानाने कमी ऐकू येतं. अशा माणसाला दुसऱ्याने दाखवलेलं शहर आवडायला हवं होतं, आणि ते काम माझ्याकडे आलं.

निघायच्या महिनाभर आधी मी रोज रात्री फोनवर टूर चाळत होते. लिस्बनमध्ये पायी फिरवणाऱ्या टूर इतक्या आहेत की नुसती यादी बघूनच दमायला होतं. जुन्या शहराची टूर, खाण्यापिण्याची, फादोच्या गाण्यांची, भिंतीवरच्या चित्रांची, संध्याकाळची, सूर्योदयाची. सगळ्यांना पाचापैकी पावणेपाच तारे. दोनेक आठवड्यांनी लक्षात आलं की पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचून काहीही कळत नाही, सगळीकडे तेच शब्द. एक ताऱ्याचे रिव्ह्यू बहुतेक उशीर, पाऊस किंवा पैसे परत न मिळाल्याचे. खरी माहिती तीन ताऱ्यांत असते. 'गाईड छान, पण मागे उभं राहून ऐकू आलं नाही.' 'आईला पायऱ्या झेपल्या नाहीत, आधी कोणी सांगितलं नव्हतं.' 'अर्धा तास एका दुकानात गेला.' मी तेवढेच वाचायला लागले आणि वहीत लिहून ठेवायला लागले.

तरीही पहिल्या दिवसासाठी मी एक 'फ्री टूर' धरली होती. या टूरला आधी पैसे नसतात, शेवटी आपल्याला वाटेल ते द्यायचं. वाटलं, शहराची तोंडओळख होईल आणि बाबांना किती चालवतं तेही कळेल.

ऑक्टोबरातली सकाळ, हवा छान. रोसिऊच्या चौकात आम्ही दहाला पोचलो. या चौकाची फरसबंदी काळ्या-पांढऱ्या लाटांची आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर केलेली, आणि तिच्याकडे नीट बघितलं तर सपाट जमीन हलल्यासारखी वाटते. बाबा तिच्यावर हळूहळू पावलं टाकत होते. छत्री उंच धरलेला एक तरतरीत मुलगा आला आणि बघता बघता त्याच्याभोवती चाळीसेक माणसं जमली. मुलगा चांगला होता, हसरा, मेहनती. पण पहिली गोष्ट सांगून झाली की तो चालायला लागायचा आणि दुसरी चालता चालता सांगायचा. पुढचे सात-आठ जण हसायचे, मग मधले हसायचे, आणि आम्ही पोचेपर्यंत छत्री पुढच्या कोपऱ्यावर वळलेली असायची. वास्को द गामा भारतात पोचला, मिरी आली, शहर श्रीमंत झालं, हे सगळं पाच-सात मिनिटांत झालं. त्यानंतर कस्टर्डचे टार्ट कुठे चांगले मिळतात यावर तेवढाच वेळ गेला. पाऊण तासाने रुआ ऑगुस्ता या मोठ्या बाजाररस्त्यावर बाबा एका बाकावर बसले ते उठेचनात. मी धावत जाऊन त्या मुलाच्या हातात दोघांचे वीस युरो दिले, त्याचे आभार मानले आणि परत आले.

बाबा म्हणाले, "पोरगं वाईट नाही. चाळीस माणसं मलाही दाखवता आली नसती. मी वर्गाचे दोन भाग करून दोन दिवस नेत होतो, आठवतंय ना?"

ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या बाईंनी संध्याकाळी यामागचं गणित सांगितलं. अशा बऱ्याच टूरमध्ये गाईडला पगार नसतो, उलट येणाऱ्या प्रत्येक माणसामागे ठरावीक रक्कम त्यालाच कंपनीला द्यावी लागते. म्हणजे दहाच माणसं आली आणि त्यांतल्या चौघांनी काही दिलं नाही, तर त्याची सकाळ फुकट जाते. गर्दी असणं ही त्याची गरज आहे. हे आधी माहीत असतं तर मी बाबांना त्या घोळक्यात नेलंच नसतं. तरुण, एकट्या फिरणाऱ्या माणसासाठी ही टूर अजिबात वाईट नाही, पण जाणार असाल तर टीपेचे पैसे हे तिकिटाचेच पैसे समजून बाजूला काढून ठेवा, आणि मधेच निघालात तरी द्या.

त्या रात्री आम्ही दोघं टेबलाशी बसलो. बाबांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं, आणि एकट्याने काम करणाऱ्या पाच गाईडना तेच पत्र पाठवलं. पत्रात तीन प्रश्न होते. पहिला : तुमच्या वाटेवर चढ किती, पायऱ्या किती, आणि बसायला कुठे कुठे मिळेल? दुसरा : तीन तासांत तुम्ही किती जागा दाखवता? तिसरा बाबांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा सांगितला : आम्ही ज्या गावातून येतो ते गाव १५३४ पासून १७३९ पर्यंत तुमच्या राजाचं होतं, तुम्ही त्याला बासाईं म्हणायचात, तर गोवा, इन्क्विझिशन आणि गुलामांचा व्यापार याविषयी तुम्ही चालताना बोलता का? (इन्क्विझिशन म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा संशय असलेल्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय.)

ही तीन उत्तरं मिळाली की माणूस कळतो. आम्हाला तरी कळला.

पहिलं उत्तर दहा मिनिटांत आलं. सगळ्याला हो, आणि सोबत छापील कार्यक्रम : तीन तासांत चौदा जागा. बाबांनी भागाकार केला. चालण्याचा वेळ धरलाच नाही तरी एका जागेला तेरा मिनिटं पडत नाहीत. "मी किल्ल्यात तीन तासांत पाच जागा दाखवतो," म्हणाले, "आणि पाचवीला मुलं कंटाळलेली असतात." दुसऱ्याने सुचवलं की गुडघ्याचा त्रास असेल तर टुकटुकमधून फिरा. लिस्बनमध्ये आपल्या रिक्षासारख्या तीनचाकी गाड्या पर्यटकांना घेऊन डोंगरभर फिरत असतात. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता, पण बाबांना पायी फिरायचं होतं. तिसरं उत्तर फार सुंदर होतं. वास्तुकलेचा अभ्यास केलेला माणूस, १७५५ च्या भूकंपानंतर शहर कसं बांधलं यावर दोन परिच्छेद. शेवटी लिहिलं होतं की इन्क्विझिशन हा सुट्टीसाठी जड विषय आहे, मी सहसा हलकंफुलकं ठेवतो, पण तुम्हाला हवं असेल तर बोलेन. प्रामाणिक उत्तर. मी त्यालाच ठरवत होते.

चौथ्याचं उत्तर आलंच नाही. पाचवं दुसऱ्या दिवशी रात्री आलं, एका बाईंचं. लिहिलं होतं : गोव्याबद्दल मी पुस्तकांतून वाचलं आहे, बासाईंबद्दल मला दोन ओळींपलीकडे माहिती नाही, शुक्रवारपर्यंत वाचते. अरबांच्या काळातलं लिस्बन मला नीट सांगता येत नाही, तो भाग हवा असेल तर दुसरा चांगला माणूस आहे, त्याचं नाव देते. तीन तासांत पाच जागा, फार तर सहा. आणि मग तिचे तीन प्रश्न : वडिलांना चढताना जास्त दुखतं की उतरताना? एका जागी किती वेळ उभं राहवतं? कोणत्या कानाने चांगलं ऐकू येतं? कानाचा उल्लेख मी पत्रात एका ओळीत केला होता; बाकी कोणीच त्याबद्दल काही लिहिलं नव्हतं.

उभं राहण्याचा प्रश्न वाचून बाबा थोडा वेळ गप्प बसले. त्यांना चालण्यापेक्षा उभं राहण्याचा त्रास जास्त होतो, आणि हे मलाही, त्यांच्या मुलीला, नीट माहीत नव्हतं.

"हिला घे," म्हणाले.

दोघांचे मिळून १४० युरो ठरले, म्हणजे साडेबारा हजार रुपयांच्या आसपास. रक्कम मोठी आहे. आम्ही त्या आठवड्यात बाहेर जेवणं बंद केली, खोलीवर भात-आमटी करून खाल्ली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

मधले दोन दिवस आम्ही आमचे फिरलो. बेलें हा भाग शहराच्या मध्यापासून पश्चिमेला सहा किलोमीटरवर आहे, तिथे ट्रामने जायचं. शहराच्या मध्यभागाची टूर घेताना कोणी 'बेलेंसह' म्हणालं तर वेळेचा हिशेब विचारून घ्यावा, कारण जाण्यायेण्यातच तासभर जातो. जेरोनिमुशचा मठ मिरी-मसाल्यांवरच्या पाच टक्के करातून उभा राहिला. त्याच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. बाबा तिच्यासमोर उभे राहिले, हात जोडले नाहीत, काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "दगड आपल्यापेक्षा मऊ आहे. नक्षी चांगली उठते." वसईच्या दगडावर आयुष्य काढलेल्या माणसाचं पहिलं मत दगडाबद्दलच होतं.

शुक्रवारी नऊला तेरैरु दु पासुच्या मोठ्या चौकात भेटायचं होतं. तेजु नदीच्या काठावरचा हा चौक तीन बाजूंनी पिवळ्या कमानींनी बांधलेला आणि चौथ्या बाजूने पाण्याकडे उघडा. ती आधीच आली होती. पन्नाशीची, आखूड केस, पाठीला पिशवी, हातात छत्री नाही की झेंडा नाही. तिने बाबांना कमानीखालच्या कट्ट्यावर बसवलं, त्यांच्या उजव्या हाताला आली, आणि उन्हाकडे तोंड करून उभी राहिली.

बाबांनी माझ्या दंडाला हलकेच चिमटा काढला.

तिने सुरुवात जे दिसत नाही त्यापासून केली. या चौकात राजवाडा होता, आणि राजवाड्याला लागून 'काझा द इंडिया', भारताशी चालणाऱ्या सगळ्या व्यापाराची कचेरी. गोव्याला निघणारी जहाजं मार्च-एप्रिलमध्ये नदीतून बाहेर पडायची आणि सगळं नीट झालं तर सहा महिन्यांनी पोचायची. वसईच्या कॅप्टनच्या नेमणुका, जमिनींचे कागद, तक्रारी, सगळं ह्याच काठावर येऊन पडायचं. माणसंही यायची. १५५१ मध्ये शहराची मोजदाद झाली तेव्हा लाखभर वस्तीत ९,९५० गुलाम होते. दहातला एक. मग तिने 'लैलांव' हा शब्द उच्चारला, बोली लावून विकण्याला त्यांच्याकडे हेच म्हणतात. बाबा ताठ झाले. "लिलाव," म्हणाले. "आमच्याकडेही हाच शब्द आहे." पाव, चावी, पगार हे पोर्तुगीज शब्द ते मुलांना दर वर्षी सांगायचे, सगळ्यांना मजा वाटायची. लिलाव हाही त्यातलाच, पण तो कोणत्या बाजारात ऐकू येत असेल याचा विचार त्यांनी त्या कट्ट्यावर पहिल्यांदा केला. नंतर रस्ताभर ते मधूनमधून तो शब्द पुटपुटत होते.

मग १७५५. तारीख १ नोव्हेंबर, सगळ्या संतांचा सण, सकाळचे साडेनऊ होऊन गेलेले, चर्च माणसांनी भरलेली आणि वेद्यांवर मेणबत्त्या. जमीन हलली, छतं लोकांवर आली. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून ह्या काठाकडे धावले, आणि नदी आधी ओसरली, मग समुद्र आत आला. उरलेलं आगीने नेलं. राजवाडा, त्याचं ग्रंथालय, काझा द इंडियाचे कागद, सगळं गेलं. ती हे सांगताना घाई करत नव्हती. एकदा एक मोठा ग्रुप शेजारी येऊन थांबला, त्यांच्या गाईडचा आवाज मोठा होता, तेव्हा ती चक्क गप्प झाली आणि ते जाईपर्यंत नदीकडे बघत राहिली.

बायशा या खालच्या भागातले सरळ रस्ते सपाट आहेत, गुडघ्याला सोपे. भूकंपानंतर मार्किश द पॉम्बाल या मंत्र्याने हा भाग पट्टी लावल्यासारखा आखून घेतला. घरांच्या भिंतींत लाकडाचे आडवे-उभे-तिरके सांगाडे घातले, त्यांना 'गायोला', म्हणजे पिंजरा, म्हणतात. हादरा बसला तर दगड पडेल, पिंजरा उभा राहील. नमुन्याचा सांगाडा उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि तो टिकतो का बघितलं, असं सांगतात. बाबांनी सांधा कसा असतो ते विचारलं. तिने वहीत चित्र काढलं, मग म्हणाली की खुंटी नक्की कुठे बसते हे मला ठामपणे सांगता येणार नाही, चुकीचं सांगण्यापेक्षा राहू दे. बाबांचा तिच्यावरचा विश्वास बहुधा त्या वाक्याने पक्का झाला.

वाटेत दोनदा बसलो. एकदा कॉफीच्या दुकानात, तिथे स्वच्छतागृहही होतं, आणि हे तिने आधीच ठरवलेलं होतं हे मला नंतर कळलं. लिस्बनच्या फुटपाथवर चुनखडीचे छोटे चौकोनी दगड बसवलेले असतात, पिढ्यान् पिढ्या घासून गुळगुळीत झालेले. कोरड्यातही चपलेचा तळवा सरकतो. वयस्कर माणसाला नेत असाल तर रबरी तळव्याचे, खाचांचे बूट न्या. आमच्या पहिल्या दिवसाच्या त्रासात निम्मा भाग बाबांच्या सँडलचा होता, दुसऱ्या दिवशी आम्ही बूट घेतले.

रोसिऊला परत आलो. तीच लाटांची फरशी, तीन दिवसांपूर्वी जिथे आम्ही घोळक्याच्या शेपटाला उभे होतो. चौकाच्या उत्तरेला राष्ट्रीय नाट्यगृह आहे, खांबांचं, देखणं. त्या जागी आधी इन्क्विझिशनचा वाडा होता. मंगळवारी आम्ही ह्याच नाट्यगृहासमोर फोटो काढला होता.

इथे ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. ऑर्ताची गोष्ट सांगितली. गार्सिया द ऑर्ता, वैद्य, सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू घरातला. लिस्बनच्या विद्यापीठात शिकवायचा. १५३४ मध्ये भारतात जाणाऱ्या जहाजावर चढला. दोन वर्षांनी पोर्तुगालात इन्क्विझिशन आलं. तो तोवर गोव्यात पोचलेला, सुरक्षित. पुढे मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं. १५६३ मध्ये त्याने गोव्यातच आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं. पण त्याआधी तीन वर्षं, १५६० मध्ये, इन्क्विझिशन त्याच्यामागोमाग गोव्याला पोचलं होतं. तो १५६८ मध्ये गेला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं कबरीतून काढून जाळली. "तो ह्या चौकातून पळाला," ती नाट्यगृहाकडे हात करून म्हणाली, "आणि हा चौक त्याच्यामागे गेला."

ऑर्ताचं नाव बाबांना माहीत होतं. ते दर वर्षी मुलांना सांगायचे की मुंबई एकदा एका डॉक्टरला भाड्याने दिली होती, पोरं हसायची. हाडं जाळल्याचं त्यांनी मुलांना कधी सांगितलं नव्हतं. सातवीची मुलं लहान असतात असं त्यांना वाटायचं. आता बाकावर बसून ते तिला विचारत होते, तू शाळेच्या मुलांना हे सांगतेस का? ती म्हणाली, सांगते, पण सगळ्यात शेवटी आणि बसवून.

चौकाच्या कोपऱ्यामागे सांव दोमिंगूसचं चर्च आहे. समोर डेव्हिडच्या ताऱ्याचं, म्हणजे ज्यूंच्या चिन्हाचं दगडी स्मारक, २००८ मध्ये बसवलेलं. १५०६ च्या ईस्टरच्या सुमाराला ह्याच चर्चमध्ये लोकांना क्रूसावर दैवी उजेड दिसला, एक नवख्रिस्ती, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेला ज्यू, म्हणाला की ते मेणबत्तीचं प्रतिबिंब असेल, आणि त्याला तिथेच ओढून मारलं. मग तीन दिवस शहरात ज्यू घरांतल्या माणसांची कत्तल चालली, हजारांहून अधिक मेली. त्याच स्मारकाच्या बाजूला आज आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊतून आलेली माणसं घोळक्याने गप्पा मारत उभी असतात, आणि दोन पावलांवर चेरीच्या दारूचं छोटंसं जुनं दुकान, लोक पेले घेऊन बाहेरच उभे. हे तिन्ही एकाच चौकात, एकमेकांना खेटून. चर्चच्या आत १९५९ ची आग लागून गेलेली आहे. दुरुस्ती केली, पण खांबांचे तडकलेले, जळून लालसर झालेले दगड तसेच ठेवले. आम्ही मागच्या बाकावर दहा मिनिटं बसलो आणि तिने तेवढा वेळ एक शब्दही काढला नाही. चौदा जागांच्या कार्यक्रमात ही दहा मिनिटं कुठून आली असती?

शेवटची जागा वर, कार्मुच्या टेकडीवर. मी पायऱ्यांकडे बघून धसकले होते. सांता जुस्ताच्या प्रसिद्ध लोखंडी लिफ्टपुढे लांबच लांब रांग होती. ती हसली आणि आम्हाला बायशा-शियादूच्या मेट्रो स्टेशनात घेऊन गेली. त्या स्टेशनाचं एक तोंड खाली बायशात आणि दुसरं वर शियादूत आहे, मधे सरकते जिने. मेट्रोत न बसता आम्ही टेकडी चढलो. लिस्बनच्या किल्ल्याच्या बाजूचंही तिने सांगून ठेवलं : प्रासा द फिगैराहून ७३७ नंबरची बस वर किल्ल्यापर्यंत जाते, तिने चढा आणि आल्फामा या जुन्या वस्तीतून उतरत पायी या, आणि जाण्याआधी बंदरात मोठी प्रवासी जहाजं कोणत्या दिवशी लागणार आहेत ते बघा, कारण ती आल्फामाच्या पायथ्याशीच लागतात आणि त्या दिवशी गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. शनिवारी आम्ही तसंच केलं, फार छान दिवस गेला.

कार्मुचा मठ चौदाव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतलेला. १७५५ मध्ये त्याचं छत पडलं ते पुन्हा पूर्ण झालंच नाही. आत गेलं की दोन्ही बाजूंना दगडी कमानी आकाशात जातात आणि त्यांच्यावर काहीच नाही, निळं आभाळ. खाली गवत.

बाबा दारातच थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण मला माझेच डोळे आवरत नव्हते. वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफच्या चर्चमध्ये, फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये उभं राहिलं की अगदी असंच दिसतं. तिथे फक्त गवत जास्त आणि पावसाळ्यात भिंतींना शेवाळ.

"आमच्याकडे अशी चार-पाच आहेत," बाबा तिला म्हणाले. "भूकंप नाही झाला. माणसं गेली, लाकूड गेलं, मग पाऊस." मग ते बोलायला लागले. त्यांचं इंग्रजी पुस्तकी आणि सावकाश, अडलं की माझ्याकडे बघायचे. चिमाजी अप्पांचा वेढा, सुरुंग लावून पाडलेला बुरूज, शरण आलेल्यांना सामानासकट जाऊ दिलेलं. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतले कबरींचे दगड, त्यांवरचा 'सेपुल्तुरा', म्हणजे कबर, हा शब्द, जो त्यांच्या सातवीच्या प्रत्येक वर्गाने बोट फिरवून वाचला. आणि घंटा. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळात एक आजही टांगलेली आहे.

तिला हे माहीत नव्हतं. ती वही काढून लिहायला लागली, आणि मला दिसलं की बोलता बोलता बाबा दोन पावलं सरकून उन्हाकडे तोंड करून उभे राहिले होते आणि ती सावलीत होती.

बाहेर कार्मुच्या चौकात बसून तिने शेवटचं सांगितलं. समोरच्या इमारतीत २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाहीच्या शेवटच्या पंतप्रधानाने शरणागती पत्करली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करारात मान्य केलं. गोवा १९६१ मध्येच हातातून गेला होता, पण मधली तेरा वर्षं त्यांच्या शाळेच्या नकाशांत तो पोर्तुगालचाच होता. मग थांबून म्हणाली की तिचे मामा १९६१ मध्ये गोव्यात शिपाई होते, शेवटच्या माणसापर्यंत लढा असा लिस्बनहून हुकूम होता, ते शरण आले आणि पाच महिने छावणीत होते. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे, शेजाऱ्यांच्या रेडिओपाशी बसलेले. त्यांनी विचारलं, छावणीत त्यांना नीट वागवलं का? ती म्हणाली, मामा म्हणायचे की भात फार होता. परत आल्यावर मात्र घरात कोणी त्यांना काही विचारलं नाही, सरकारने तर तोंडच फिरवलं.

तीन तासांचे साडेतीन झाले होते. तिने जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

महिन्याभराने तिचं पत्र आलं. ती आता कार्मुच्या त्या बिनछताच्या जागी वसईच्या घंटांबद्दल सांगते. 'चिमाजी अप्पा' कसं लिहायचं आणि कसं उच्चारायचं ते विचारलं होतं, आणि वर्ष १७३७ लिहिलं ते बरोबर का, हेही. बाबांनी चष्मा लावला, पत्र दोनदा वाचलं आणि मला टाइप करायला बसवलं.

"लिही," म्हणाले. "मोहीम १७३७ ला सुरू झाली, वसई पडली १७३९ च्या मे महिन्यात. दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं सोडू नको म्हणावं. आणि यायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत ये, सकाळी सातला भुई दरवाजापाशी. नंतर किल्ल्यात सावली मिळत नाही."